पिवळ्या छत्रीच्या मागे

"पुण्यात आणि पायी?" रामदासमामांनी चहाची बशी खाली ठेवली. "अगं, बत्तीस वर्षं मी विश्रांतवाडीत राहतोय. इथे फुटपाथवर पाय ठेवायचा तर आधी तिथं लावलेल्या गाड्यांची परवानगी काढावी लागते."

"हळूहळू जाईन मामा. दिवसभर वेळ आहे," आम्रपाली म्हणाली.

आम्रपाली वानखडे आदल्या संध्याकाळीच मेहकरहून मामांकडे आली होती. सोमवारी कागदपत्रांची तपासणी होती आणि ती नीट पार पडली की मंगळवारपासून ती एका सरकारी कचेरीत लिपिक म्हणून रुजू होणार होती. मधला रविवार तेवढा तिचा स्वतःचा होता. ज्यात अभ्यास नाही, शिकवणी नाही, कुणाचं लग्न नाही, असा रविवार चोवीस वर्षांत तिला पहिल्यांदाच मिळत होता. एका कागदावर तिने चार नावं लिहून ठेवली होती: शनिवारवाडा, तुळशीबाग, मंडई आणि फुलेवाडा. शेवटच्या नावाखाली दोन रेघा होत्या, आणि त्या तिच्या आईने मारल्या होत्या. चंद्रभागाबाई पंचवीस वर्षं गावात अंगणवाडी चालवत होत्या आणि पुणं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. निघताना त्यांनी एवढंच बजावलं होतं, "तिथली विहीर पाहून ये. फोटो नको धाडू. तू डोळ्यानं पाह्य अन् मंग मले सांग."

मार्चचं ऊन म्हणून मामींनी छत्री हातात दिली. छत्री हळदीसारखी पिवळीधमक होती. मामांना ती कुणाच्यातरी निवृत्तीच्या समारंभात मिळाली होती, आणि त्या रंगामुळेच इतक्या वर्षांत ती कुणी पळवली नव्हती.

बसमधून उतरून आम्रपाली शनिवारवाड्यासमोर आली तेव्हा साडेआठला तीन मिनिटं कमी होती. तिने छत्री उघडली, मान वर केली आणि त्या अवाढव्य दिल्ली दरवाज्याकडे बघत उभी राहिली.

"बारा मिनिटं," मागून आवाज आला.

तिने वळून पाहिलं. दहा ज्येष्ठ मंडळी अर्धवर्तुळात उभी होती. नऊ जणांच्या डोक्यावर सारख्या पांढऱ्या टोप्या होत्या आणि त्यांवर 'सुप्रभात ज्येष्ठ नागरिक मंडळ, बिबवेवाडी' असं छापलेलं होतं. पुढे उभे असलेले उंच, ताठ गृहस्थ मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत होते. हे मंडळाचे सचिव वैजनाथराव पेंडसे. पाटबंधारे खात्यात त्यांनी आयुष्यभर ठरल्या मिनिटाला पाणी सोडलं होतं, आणि निवृत्तीनंतर ते माणसंही तशीच सोडत.

"सव्वाआठची वेळ होती," ते म्हणाले.

"अहो, पण मी..."

"कारण नको. नोकरीत असताना आम्हीही द्यायचो."

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय काका. मी गाईड नाही."

"कल्पना आहे," वैजनाथरावांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या. या पूर्णिमाबाई, चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. "गाईड सलिल आहेत. ते अडकले तर मदतनीस पाठवतो, ओळखीची खूण पिवळी छत्री, असं त्यांनी काल कळवलंय. विनय चांगला गुण आहे. पण आता सुरुवात करा, ऊन चढतंय."

"तुम्ही त्यांना एक फोन करा ना. म्हणजे खरं काय ते..."

"चालताना फोन बंद. मंडळाचा नियम आहे," वैजनाथराव म्हणाले. "उरलेले प्रश्न शेवटी."

दहा जोड्या डोळे तिच्याकडे लागले. आम्रपालीला लहानपणापासून एकच वळण होतं. मोठ्या माणसांनी काही विचारलं की गप्प उभं राहायचं नाही, येईल ते बोलायचं. त्या वळणानेच घात केला. समोरच्या दरवाज्यावर टोकदार लोखंडी खिळे दिसत होते, त्यांच्याकडे पाहून ती म्हणाली, "हे खिळे... शोभेसाठी ठोकले असावेत."

मग एकदम तीन जण बोलू लागले.

"शोभेसाठी? अहो, शत्रूचे हत्ती दरवाज्याला धडका देत, त्यांना अडवायला आहेत ते."

"आणि नीट बघा, हत्तीच्या कपाळाच्या उंचीला आहेत."

"आता मूळ मुद्दा असा आहे," असं म्हणत वैजनाथराव दरवाज्यापाशी गेले. पाया केव्हा घातला, वरच्या मजल्यांचं काय झालं, आग किती दिवस चालली, हे सगळं त्यांनी सांगितलं. त्यांच्या प्रत्येक वाक्यात पूर्णिमाबाईंनी एक दुरुस्ती केली, आणि त्या दुरुस्तीत बाकीच्यांनी आपापली भर घातली. आम्रपाली छत्री धरून ऐकत होती. वीस मिनिटांनी तिच्या लक्षात आलं की शनिवारवाड्याची इतकी माहिती आपल्याला कुठल्याही पुस्तकात मिळाली नसती.

लालमहालापाशी तिने पुन्हा एकदा प्रामाणिक प्रयत्न केला. "खरंच सांगते, मी कालच पुण्यात आली..."

"आले," पूर्णिमाबाई म्हणाल्या.

"कोण?"

"'मी आली' नाही. 'मी आले.' पुढे बोला."

पुढे काय बोलायचं होतं तेच ती विसरली.

तांबट आळीत ठोक्यांचा आवाज ऐकून "इथे भांडी दुरुस्त करत असतील" असं ती सहज म्हणाली, आणि घडवणे, ठोकणे व कल्हई करणे यांतला फरक तिला पुढची पंधरा मिनिटं समजावण्यात आला. एव्हाना तिला गोम कळली होती. पुणेकराला काही विचारलं तर तो 'पाटी वाचा' म्हणतो. पण त्याच्यासमोर काही चुकीचं बोललं तर तो घरापर्यंत सोडायला येतो. आणि चुकीचं बोलायला आम्रपालीला मुळीच कष्ट पडत नव्हते. जे वाटेल ते बोललं की ते चुकीचंच निघत होतं.

एका चौकात मात्र ती जरा जास्तच बोलून गेली. "इथली मिसळ गोड असते म्हणे," एवढंच ती म्हणाली. मंडळात उभी फूट पडली. चौघे एका हॉटेलच्या बाजूने, चौघे दुसऱ्या हॉटेलच्या बाजूने, आणि वैजनाथराव 'सकाळी मिसळ खाणं हेच मुळात चूक' या बाजूने उभे राहिले. रिक्षावाले हॉर्न वाजवत बाजूने जात राहिले. दहावे सदस्य बजरंगअप्पा कुणाच्याच बाजूने नव्हते, कारण त्यांना वाद ऐकूच आला नव्हता. मंडळाची टोपी नाकारून आपली गांधी टोपी घातलेले अप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. एके काळी बिबवेवाडीत त्यांचं वावर होतं. त्याच वावरावर उभ्या राहिलेल्या इमारतीत ते आता सातव्या मजल्यावर राहत. कानाचं यंत्र ते घरीच ठेवून आले होते. चालताना ते कुणाकडे बघत नसत, फक्त पुढच्या पिवळ्या छत्रीकडे बघत.

"मोजणी करा," तुळशीबागेतून बाहेर पडल्यावर वैजनाथरावांनी फर्मावलं. "गर्दीतून आलो की मोजणी करायची असते. ते तुमचं काम आहे."

आम्रपालीने मोजलं. दहा भरले. तरी काहीतरी खटकत होतं, म्हणून तिने चेहरे बघत पुन्हा मोजलं. दहावा चेहरा चाळिशीतला होता आणि त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"मी जळगावचा," तो ओशाळून म्हणाला. "बायको आत बांगड्या बघतेय. एवढ्या छान गप्पा चालल्या होत्या, म्हणून थोडा वेळ तुमच्यात आलो. जाऊ का?"

"अप्पा कुठे आहेत?" पूर्णिमाबाईंनी विचारलं.

अप्पा नव्हते. बांगड्यांच्या दुकानापाशी नव्हते, राममंदिराच्या आवारात नव्हते, चमचे-पळ्यांच्या रांगेत नव्हते. फोन त्यांच्याकडे कधीच नसे. सकाळी सुनेने त्यांना मंडळाच्या स्वाधीन करताना 'हात सोडू नका हो' एवढंच सांगितलं होतं. रविवारची तुळशीबाग भरायला लागली होती आणि त्या गर्दीत गांधी टोपी घातलेला एक बहिरा म्हातारा हरवला होता.

आतापर्यंतची गंमत एका क्षणात उतरली. गंमत म्हणून का होईना, छत्री आम्रपालीच्या हातात होती आणि माणूस त्या छत्रीच्या मागे चालत होता. तिने छत्री मिटली.

"माझं ऐकून घ्या," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज असा होता की कुणी व्याकरण काढलं नाही. "मी गाईड नाही. मदतनीसही नाही. मी मेहकरची आहे. आयुष्यात पहिल्यांदा पुण्यात आलेय. सकाळपासून मी जे बोलले ते सगळं अंदाजानं. मी आधीच ठासून सांगायला पाहिजे होतं. आता अप्पांना कुठे शोधायचं तेसुद्धा मला माहीत नाही."

वैजनाथरावांनी चष्मा काढून पुसला.

"ते आम्हाला दिल्ली दरवाज्यातच कळलं," पूर्णिमाबाई म्हणाल्या.

"कळलं होतं?"

"हत्तीच्या खिळ्यांना शोभेचे म्हणणारा गाईड पुण्यात एक दिवस टिकणार नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

पूर्णिमाबाईंनी वैजनाथरावांकडे पाहिलं. वैजनाथरावांनी रस्त्याकडे पाहिलं. "त्याचं असं आहे," ते घसा साफ करून म्हणाले, "आम्ही बोलत असताना मध्ये न बोलणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. घरी नातवंडं कानात ती बोंडं घालून बसतात. आम्हाला वाटलं, तुमचंही काही अडत नाहीये, तर चालू द्यावं."

"ते नंतर," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "आधी अप्पा. नियम गेला खड्ड्यात, फोन चालू करा."

नऊ फोन चालू झाले आणि वैजनाथरावांच्या फोनवर लागोपाठ टुणटुण वाजत राहिलं. एकाच नंबरवरून सव्वीस फोन येऊन गेले होते. त्यांनी तो नंबर लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"पेंडसे सर?" पलीकडचा माणूस रडकुंडीला आला होता. "मी सलिल. अहो, सकाळपासून तुम्हाला शोधतोय. पुलाचं काम चालू होतं म्हणून पाऊण तास उशीर झाला. शनिवारवाड्यावर आलो तर तुम्ही गेलेले. जिथे जातो तिथे लोक सांगतात, आत्ताच एक पिवळी छत्रीवाली मुलगी सगळ्यांना घेऊन गेली. सर, कोण आहे ती?"

"ते सांगतो. तुम्ही कुठे आहात?"

"मंडईत. तुमचा एक माणूस तेवढा माझ्याकडे आहे."

मंडळ कधी नव्हे ते एकही दुरुस्ती न करता मंडईकडे धावत निघालं. मंडईच्या मनोऱ्याखाली हुबेहूब तशीच पिवळी छत्री घेतलेला एक तरुण उभा होता आणि समोर एका उलट्या टोपलीवर बजरंगअप्पा पेरू खात बसले होते. तुळशीबागेच्या तोंडाशी गर्दीत आम्रपालीची छत्री क्षणभर दिसेनाशी झाली होती. मग लगेच दुसरीकडे दिसली आणि ते इमानाने तिच्या मागे गेले. सलिलला दोन तासांनी का होईना, मंडळाचा एक श्रोता मिळाला होता. त्याने शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंतची पाठ केलेली सगळी माहिती उभ्याउभ्या त्या एकट्याला दिली होती.

"अप्पा," पूर्णिमाबाईंनी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "बरे आहात ना?"

"झ्याक हाय की," अप्पा म्हणाले. "ह्यो पोरगा लई जीव तोडून बोलतोय. काय बोलतोय ते देवाला ठावं. पर पेरू ग्वाड हाय."

आम्रपालीने अप्पांच्या शेजारी बसून त्यांचा हात धरला. मग ती उठली आणि सलिलसमोर गेली. "दादा, तुमची माणसं मी घेऊन गेले. चूक झाली. हे घ्या, मोजून घ्या. जळगावचे एक जास्त होते, ते परत गेले."

सलिलने तिच्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "ठीक आहे. तर मंडळी, आपण आता या मंडईच्या बांधणीपासून सुरुवात करू. मी बोलत असताना कृपया मध्ये कुणी..."

"एक मिनिट," वैजनाथराव म्हणाले. "पुढचा कार्यक्रम कुणाबरोबर करायचा, यावर मंडळाचं मत घ्यावं लागेल."

"अहो सर, गाईड मी आहे."

"आहात ना. पण तुम्ही बोलू देत नाही, असा मागच्या वेळचा अनुभव आहे."

हात वर झाले. आम्रपालीच्या बाजूने नऊ हात होते. अप्पांनी पेरूचा हात वर केला, तो दहावा धरला गेला.

"पण मला जायचंय," आम्रपाली चाचरत म्हणाली. "फुलेवाड्यात. आईनं सांगितलंय, विहीर पाहून ये म्हणून. उद्यापासून मला वेळ मिळणार नाही. तुम्हाला मी तिथं कशाला ओढून नेऊ, तुमचं सगळं पाहिलेलंच असेल."

"चला," वैजनाथराव नको इतक्या लवकर म्हणाले.

मंडईतून गंज पेठेकडे जाताना पहिल्यांदाच मंडळ शांत होतं. आम्रपालीला वाटलं, थकले असतील. वाड्याच्या दारापाशी ती सवयीने थांबली आणि आता कोण सुरुवात करतंय याची वाट बघू लागली. कुणी सुरुवात करेना. वैजनाथराव स्वतःच्या बुटांकडे बघत होते. पूर्णिमाबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, आणि ते लवकर सापडावं अशी त्यांची इच्छा दिसत नव्हती.

"काका, तुम्ही सांगा ना," ती म्हणाली.

"या रस्त्यानं मी हजार वेळा गेलोय," वैजनाथराव म्हणाले.

"आणि आत?"

"स्कूटरवर असायचो. थांबणं व्हायचं नाही."

"बाई, तुम्ही?"

"माझ्या शाळेची सहल दरवर्षी सिंहगडावर जायची," पूर्णिमाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनीच पर्स बंद केली. "गावातलंच आहे, कधीही बघता येईल, असं म्हणता म्हणता सत्तरी आली. खरं सांगायचं तर एवढंच."

"मी आल्तो," मागून बजरंगअप्पा म्हणाले. त्यांना प्रश्न कसा ऐकू आला कोण जाणे. "दर साली येतो, नोव्हेंबरात, फुल्यांच्या पुण्यतिथीला. ह्यांना म्हनतो चला, तर ह्यांची मीटिंग आसती."

आम्रपाली आत गेली. मागोमाग दहा ज्येष्ठ नागरिक आणि मिटलेली छत्री काखेत मारलेला सलिल गेले. छोटं अंगण, कौलारू छपराखालच्या खोल्या, बाहेरच्या मानाने अचानक कमी झालेला आवाज. ती विहिरीपाशी गेली. आईला सांगायचं होतं म्हणून ती नीट बघून घेत होती: दगड कसे बसवलेत, काठ किती उंच आहे, सावली कुठून पडते.

मग ती बोलू लागली. आज पहिल्यांदाच ती अंदाजाने बोलत नव्हती. या घरातलं पाणी, ज्यांना गावात कुणी पाणी देत नव्हतं त्यांच्यासाठी कसं खुलं झालं. शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंवर शेण फेकलं जायचं, तरी शाळा कशी थांबली नाही. आणि एवढ्या दूर मेहकरकडच्या एका खेड्यात, सातवीत शाळा सुटलेली तिची आई रोज सकाळी अंगणवाडीचं कुलूप उघडताना या घराचं नाव कसं घेते. ती वीस मिनिटं बोलत होती. मध्ये कुणीही "मुळात" म्हणालं नाही. एकदाच वैजनाथरावांनी बोट वर केलं, तेव्हा ती दचकून थांबली.

"दुरुस्ती नाही," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं बोला. अप्पांना ऐकू येत नाहीये."

परत निघताना दारात वैजनाथरावांनी डायरी काढली. "पुढच्या रविवारी मंडळ पर्वतीवर जाणार आहे. सकाळी सात. तुम्ही यायचं."

"काका, मला पर्वतीबद्दल काहीच माहीत नाही."

"म्हणून तर," पूर्णिमाबाई म्हणाल्या.

आम्रपाली हसली आणि तिने होकार दिला. सलिल दाराच्या कोपऱ्यात अवघडून उभा होता. आतल्या त्या वीस मिनिटांत त्याने वहीत बरंच काही उतरवून घेतलं होतं, ती वही त्याने पाठीमागे धरली.

"सर," तो हळूच म्हणाला, "मीपण आलो तर चालेल का? गाईड म्हणून नाही. असाच."

वैजनाथरावांनी विचार करण्यासाठी आकाशाकडे पाहिलं. पूर्णिमाबाईंना तेवढा वेळ लागला नाही.

"या की," त्या म्हणाल्या. "बोलणारे आमच्याकडे भरपूर आहेत. ऐकणारे कमी पडतात."